दुपारचा नायट्रोजन

आबांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खेळाचे मास्तर वाटत. पन्नाशी उलटलेला किडकिडीत माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत फुटबॉलच्या आतला फुगवलेला रबरी ब्लॅडर, आणि चाल अशी की मागे कुत्रं लागलंय. वाटेत कोणी "आबा, राम राम" म्हटलं तर ते बघतसुद्धा नसत. नव्या माणसाला वाटे, काय हा शिष्टपणा! पण दहा-पंधरा मिनिटांनी आबा परत त्याच वाटेने, आता रमतगमत, येत आणि प्रत्येकापुढे उभे राहून म्हणत, "मघाचा राम राम घ्या." फाटकावरच्या वॉचमनपासून हेडक्लार्कपर्यंत कोणाचा राम राम त्यांनी बुडवलेला मला आठवत नाही.

ब्लॅडरमध्ये गॅसचा नमुना असे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा वनस्पती तुपाचा कारखाना होता. तेलाचं तूप करायला हायड्रोजन लागतो, आणि तो आम्ही पाण्यात वीज सोडून कारखान्यातच तयार करत असू. पाण्यातून एका बाजूला हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. हायड्रोजन तेलात जायचा, ऑक्सिजन सिलिंडरांत भरून वेल्डिंगवाल्यांकडे जायचा. दोघांच्या मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा पडदा. तो कुठे विरला की एक गॅस दुसऱ्यात मिसळतो, आणि तसल्या मिश्रणाला एक ठिणगी पुरते. म्हणून दोन्ही गॅसचे नमुने रोज प्रयोगशाळेत आणून तपासायचे, हे आबांचं काम. रबरातून हायड्रोजन हळूहळू झिरपून जातो. "पळकुटा आहे तो," आबा म्हणत, "मी गप्पा मारत थांबलो तर तो थोडाच थांबणार?"

मी त्यांच्या हाताखाली आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, धुळ्याहून, देवपुरातल्या कॉलेजातून एम.एस्सी. होऊन. वर्गात पहिली, त्यामुळे नाक वर. आबा मॅट्रिक, साक्रीकडच्या एका डोंगराळ खेड्यातले. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं आमचं यंत्र बसवायला आलेल्या माणसाने त्यांना चार दिवस शिकवलं होतं, तेवढंच त्यांचं उच्च शिक्षण. यंत्राला ते 'पेटी' म्हणत आणि कागदावर पेन जे उंच टोक काढतं त्याला 'डोंगर'. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ऐकवलं की पेटीत नमुना वाहून नेण्यासाठी जो गॅस सोडतात तो पुस्तकाप्रमाणे हेलियम हवा. आपल्याकडे सकाळी हायड्रोजन आणि दुपारी नायट्रोजन हा काय पोरखेळ आहे? आबा कळण्याची भाकरी मोडत होते. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुस्तकाला आपला प्लांट माहीत आहे का? गॅस मागाहून सांग, माय. आधी सांग, तू शोधतेस काय?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. पण प्रश्न टाकून ते गप्प बसत, उत्तर देत नसत. समजावून सांगायचा त्यांना भारी कंटाळा. करता करता माणसाला आपोआप कळतं, अशी त्यांची समजूत होती, कारण त्यांना स्वतःला तसंच कळलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला उत्तर येत नाही, दुसरं काय.

बाकी माणूस लोण्यासारखा. गॅसच्या नळ्यांचे जोड गळतात का हे बघायला सगळीकडे साबणाचं पाणी लावतात. आबा रिठ्याचं लावत. रिठे त्यांच्या घरून, अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोडून दिलेले. घरून येताना एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात रिठ्याच्या पाण्याची बाटली, असा त्यांचा थाट. महिन्यातून एकदा उरलेलं पाणी ते मला देत आणि अगदी गंभीरपणे सांगत, "केसांना लाव. गळती थांबेल." मला कोंडा होता, गळती नव्हती, पण हे त्यांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

पेटीच्या पोटात एक बारीक तार असते. विजेने ती तापलेली असते आणि तिच्यावरून गॅस वाहत असतो. गॅस नसताना करंट दिला तर तार जळून जाते. म्हणून आबांचा नेम: आधी गॅस, मग करंट, बंद करताना आधी करंट, मग गॅस. हा नेम त्यांनी माणसांनाही लावला होता. कोणाला रागवायचं असलं की आधी त्याच्यासाठी चहा मागवत. माणूस दोन घोट प्यायला, जरा निवला, की मग बोलत. प्रयोगशाळेत अवेळी चहा आला की आम्ही एकमेकांची तोंडं बघत असू, आज कोणाचा नंबर म्हणून. मी पहिल्या सहा महिन्यांत इतका चहा प्यायले की मला पित्त झालं.

सगळ्यात जिवावर यायचं ते दुपारचं काम. सकाळी हायड्रोजनचा नमुना तपासताना पेटीतून कारखान्याचाच हायड्रोजन वाहत असे. दुपारी ऑक्सिजनचा नमुना यायचा, त्याआधी सगळं बदलायचं. करंट बंद, हायड्रोजन बंद, नायट्रोजनचा सिलिंडर जोडायचा, जोडांना रिठा लावायचा, मग करंट द्यायचा तोही सकाळच्यापेक्षा बराच कमी, आणि पेनाची रेघ सरळ येईपर्यंत दोन तास वाट बघत बसायचं. जळगावचा मे महिना, वर पत्रे, आणि आपण एका रेघेकडे डोळे लावून बसलोय. शिवाय नायट्रोजनवर ऑक्सिजनचा डोंगर जेमतेम उंबरठ्याएवढा उठायचा. सकाळच्या हायड्रोजनवर तोच ऑक्सिजन कसा उंच, देखणा दिसे! मला हा शुद्ध वेळेचा नास वाटे. आबा मात्र एक दुपार चुकवत नसत.

त्याच मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि ते आठ दिवसांच्या रजेवर गावी गेले. जाताना नायट्रोजनच्या सिलिंडरवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "दुपारी हा. विसरू नको." आणि मला पुन्हा लग्नाची पत्रिका दिली, ती त्यांनी आधी दोनदा दिली होती.

तीन दिवस मी नेमाने सगळं केलं. चौथ्या दिवशी मला शहाणपण सुचलं. सकाळचा हायड्रोजन मी दुपारीही तसाच ठेवला. ऑक्सिजनचा डोंगर असा सुरेख आला की मी तो कागद मॅनेजरांना नेऊन दाखवला. तेही खूश झाले, म्हणाले, "शिकलेल्या माणसाचा हा फायदा." नमुन्यात हायड्रोजन किती, या रकान्यापुढे मी लिहिलं, 'निरंक'. कारण कागदावर हायड्रोजनचा डोंगर नव्हताच. तीन दिवस मी वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं, खाली सही ठोकली आणि चिठ्ठी सिलिंडर भरायच्या शेडमध्ये पाठवली.

त्या शेडमध्ये रशीदभाई असत. जळगावच्याच जुन्या वस्तीतले, चार मुलांचे बाप, तोंडात सतत बडीशेप. ऑक्सिजन सिलिंडरांत दाबून भरणाऱ्या यंत्राला पाठ टेकून ते स्टुलावर बसत आणि चिठ्ठी आली की वॉल्व उघडत. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून बघत नसत. सही आहे ना, झालं.

सातव्या दिवशी सकाळी आबा रजा संपायच्या आधीच हजर झाले. बोटांची हळद गेली नव्हती. टेबलावर बुंदीचा पुडा ठेवला आणि बसायच्या आत त्यांनी आठवड्याचे कागद उलगडायला घेतले. तीही त्यांची सवय. वर्तमानपत्र वाचावं तसे ते डोंगर वाचत. मी लग्नाचं विचारत होते, जावई कसे आहेत, पंगत किती झाली. ते उत्तर देईनात. एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"हा दुपारचा ना?"

"हो."

"दुपारच्या कागदावर ऑक्सिजन इतका उंच कसा?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. दोन तास कसे वाचवले ते सांगितलं, मॅनेजर काय म्हणाले तेही सांगितलं. आबांचा चेहरा मी बोलत असतानाच उतरत गेला. चहा मागवतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी चहा मागवला नाही.

"रशीद भरतोय का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"भरत असतील. कालच्याच चिठ्ठीवर सकाळचं चालू करतात."

"जा. त्याला सांग वॉल्व बंद कर, मशीन बंद कर, आणि शेडमधून बाहेर ये. म्हणावं, ऑक्सिजन तपासलेला नाही."

"पण आबा, मॅनेजरांना विचारल्याशिवाय..."

"तू लिहिलंस, तूच सांग. जाय, माय, पय!"

'पय' म्हणजे पळ. आबा प्रयोगशाळेत सहसा गावची बोली बोलत नसत. ती ऐकली आणि काही न कळताही मी दाराकडे वळले. साडीचा पदर खोचून मी अख्खं आवार धावत ओलांडलं. शेडच्या दारातून ओरडले, "रशीदभाई, बंद करा! बाहेर या!" त्यांनी मला कधी धावताना पाहिलं नव्हतं. का, कशाला, काही विचारलं नाही. वॉल्व फिरवला, बटण दाबलं आणि बाहेर आले. माझं ऊर धपापत होतं. मला सांगायचं होतं की चूक माझी आहे, पण तोंडातून एवढंच निघालं, "तपासलेला नाही." ते म्हणाले, "अच्छा हुआ मॅडम, आपने देखा." मी मान खाली घातली आणि परत फिरले.

पुढचे दोन तास मला आजही नको वाटतात. आबांनी स्वतः नमुना आणला, स्वतः नायट्रोजन जोडला, रिठा लावला, करंट कमी ठेवला. मॅनेजर येऊन समोर बसले. उद्या शनिवारची गाडी भरायची आहे, काम कोणी थांबवलं, कोणाच्या परवानगीने, असं त्यांचं चाललं होतं. आबा "रेघ सरळ होऊ द्या साहेब" यापलीकडे बोलेनात. रेघ सरळ झाली. आबांनी नमुना सोडला. थोड्या वेळाने पेन हललं आणि वर चढू लागलं, चढतच गेलं. हायड्रोजन आपल्या ठरलेल्या जागी उभा होता, मर्यादेच्या बराच वर. पडदा विरला होता. किती दिवसांपासून, ते माझ्या 'निरंक'मुळे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

मॅनेजरांचा आवाज खाली आला. आठवड्याचे भरलेले सिलिंडर अंगणातच होते. ते दूर माळावर नेऊन एकेक करून हळूहळू रिकामे करायचे ठरलं. मग त्यांनी विचारलं, "हे निरंक कोणी लिहिलं?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "तिने लिहिलं. पण नायट्रोजन का लावायचा ते मी तिला सहा महिन्यांत कधी सांगितलं नाही, नुसतं लाव म्हणालो. खुलासा मागायचा तर दोघांकडून मागा, माझा पहिला." तो खुलासा त्यांनी खरंच लिहून दिला, चार ओळींचा, आणि त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी नोकरी तेव्हा पक्कीही झाली नव्हती. ती त्या चार ओळींवर टिकली.

मॅनेजर गेल्यावर मी रडले. आबांनी तेव्हा चहा मागवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला समजावून सांगितलं. कोपऱ्यातल्या कूलरसमोर मला बसवलं. "वारा लागतो? आता हा मी बंद करतो. कळलं ना लगेच? हायड्रोजन म्हणजे हा कूलर. तारेची उष्णता भराभर नेतो. मध्ये ऑक्सिजन आला की वारा पडतो, तार तापते, पेन उठतं. म्हणून सकाळी तो चांगला. पण कूलरच्या वाऱ्यात आणखी कूलरचाच वारा सोडला तर तुला काय कळणार? हायड्रोजनवर हायड्रोजन शोधत होतीस तू." मग कूलर बंदच ठेवून त्यांनी माझ्या तोंडासमोर नुसती वही हलवली. घामेजल्या गालांना तेवढा वाराही गार लागला. "हा नायट्रोजन. स्वतः मंद आहे, म्हणून दुसऱ्याची झुळूक लगेच कळते. आणि तुझा हेलियम तर हायड्रोजनचा भाऊच, त्याच्यावर तो धड दिसत नाही. आपण काय शोधतोय, त्याच्यावरून गॅस ठरतो." मग वही टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि जे आपण बघितलंच नाही, त्याच्यापुढे निरंक लिहू नये. तपासले नाही, असं लिहावं. त्यात कमीपणा नाही."

त्या दिवसापासून आबा बदलले. जो येईल त्याला कूलरसमोर बसवू लागले: टायपिस्टला, रंगाऱ्याला, पाहुणा आलेल्या इन्कमटॅक्सच्या वकिलालाही. कारखान्यात अशी एक वेळ आली की झाडूवालीसुद्धा सांगे, "दुपारी नायट्रोजन." मला मात्र ते ऐकून दर वेळी कानकोंडं व्हायला होई.

कारण रशीदभाई. त्यांनी घरी सांगितलं होतं की मॅडम धावत आल्या म्हणून आज मी जिवंत आहे. दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येऊ लागला. शिवाय त्यांनी एक हट्ट धरला: माझी सही असल्याशिवाय वॉल्व उघडायचा नाही. दुसऱ्या केमिस्टने तपासलं तरी चिठ्ठी परत येई, "मॅडमची सही आणा." माझ्यावरचा त्यांचा तो विश्वास मला काट्यासारखा टोचत असे. खरं सांगावं असं दर ईदला ठरवायची आणि दर ईदला डबा घासून, त्यात साखर घालून परत पाठवायची. आबांना हे माहीत होतं.

काही वर्षांनी आबा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की भाषण नको. ब्लॅडर खिळ्याला टांगला, पेटीच्या पाठीवर थाप मारली आणि फाटकापर्यंत प्रत्येकापाशी थांबत गेले. हात मोकळे होते, त्यामुळे कोणाचा राम राम मागाहून घ्यायची वेळ आली नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "बठ्ठं नीट शे ना, माय? मग रडतेस कशाला?" सगळं नीट होतं हे खरं, तरी मी रडतच होते.

ते गेल्याची बातमी आली ती नव्वदच्या दशकात, हिवाळ्यात. रशीदभाई आणि मी एसटीने निघालो, जळगावहून धुळं, धुळ्याहून साक्री, पुढे जीप. अक्का भेटल्या, मुलगी-जावई भेटले. अक्कांनी निघताना माझ्या हातात रिठ्यांची पुरचुंडी ठेवली. "त्यास्नी तुन्हासाठे फोडेल व्हतात," म्हणाल्या. आबांनी माझ्यासाठी फोडलेले ते रिठे घेऊन मी परतीच्या बसमध्ये रशीदभाईंच्या शेजारी बसले आणि साक्री मागे पडायच्या आत मला राहवेना.

"रशीदभाई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी काही तुमचा जीव वाचवला नव्हता. ते निरंक मीच लिहिलं होतं. तीन दिवस. चूक माझी होती, आबांनी पकडली. मी नुसती धावले."

रशीदभाईंनी बडीशेपेची डबी काढली, थोडी मला दिली.

"मालूम आहे मॅडम," ते म्हणाले. "आबांनी मला त्याच दिवशी सांगितलं, संध्याकाळी शेडमध्ये येऊन."

मी हातातली बडीशेप तशीच धरून विचारलं, "मग इतकी वर्षं माझीच सही का मागत होतात?"

"मी पण भांडलो ना त्यांच्याशी. म्हटलं, आबा, माझ्या घरी चार पोरं आहेत, या पोरीच्या चिठ्ठीवर मी आता वॉल्व उघडणार नाही, दुसरा माणूस द्या. तर आबा काय बोलले माहीत आहे?" रशीदभाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि अगदी आबांच्या आवाजात म्हणाले, "बाकीस्नी चूक आजून व्हवानी शे, रशीद. हिनी व्हयी गयी."